तिसऱ्या, अस्रची वेळ आणि ‘काफिर’: अभ्यासबैठकीत भांडण का होतं?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच पकडता येईल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात, मोहल्ल्याच्या वाचनालयात तुम्ही दर आठवड्याला कुरआन अर्थासह वाचायची बैठक सुरू केलीत. दहा-बारा जण येतात, त्यात दोघं हिंदू मित्र. चार बैठका झाल्या आणि तीनदा भांडण झालं. एकदा अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या वेळेवरून, एकदा तिसऱ्या (शिंपले) आणि माकुल (स्क्विड) हलाल की हराम यावरून, आणि शेवटी ‘काफिर’ या शब्दावरून. त्या दिवशी एक मित्र उठून गेला तो परत आलेला नाही. तुम्ही विचारलंय की इस्लाममध्ये बोलण्याचे, वाद घालण्याचे काही नियम आहेत का, की ‘शांतपणे बोला’ एवढं सांगून सगळे मोकळे होतात.

नियम आहेत. चांगले बारीक आहेत, आणि त्यातले बरेचसे शाफई पंथाच्या आलिमांनीच (धर्मविद्वानांनी) लिहून ठेवलेत. पण तुमची तिन्ही भांडणं एका जातीची नाहीत. पहिलं अपुऱ्या माहितीचं. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना आधार होता, पण सांगायची रीत चुकली. तिसऱ्यात मुद्दा बाजूलाच राहिला आणि एका माणसाला लागलं. तिन्हींवर एकच काढा दिला तर कुणालाच उतार पडणार नाही.

काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत. अरबी जाणणारा आलिम हाकेच्या अंतरावर आहे का, पेश-इमाम (नमाज पढवणारे) अनुकूल आहेत का, मुलामुलींनी एका खोलीत बसणं घरच्यांना चालतं का, वाचनालय जमातीचं (मोहल्ल्यातल्या मुस्लिम समाजाचं) आहे की ग्रामपंचायतीचं. जागा जमातीची असेल तर सदरांच्या (अध्यक्षांच्या) कानावर आधी घाला. नाहीतर पहिल्या तक्रारीला कुलूप लागतं आणि दोष कुरआन वाचण्यावर येतो. एकत्र बसणं कुणाला खटकत असेल तर त्यावर बैठकीत चर्चा नको. दोन बाजूंना दोन रांगा करा आणि वाचायला लागा.

आता मूळ मुद्दा. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी, शिकवण्याच्या परंपरेत एक जुना रिवाज आहे. उस्ताद नव्या शागिर्दाला सगळ्यांत आधी जी हदीस ऐकवतात ती रहमची: ‘दया करणाऱ्यांवर रहमान दया करतो. जमिनीवर जे आहेत त्यांच्यावर दया करा, आसमानात जो आहे तो तुमच्यावर दया करील.’ तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत ती आहे. प्रत्येक जण ‘उस्तादांकडून मी ऐकलेली ही पहिली हदीस’ असं म्हणून ती पुढच्याला देतो. नमाज, रोजा, हलाल-हराम हे सगळं त्यानंतर. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. नवशिक्याच्या हातात कोयती देण्याआधी ती धरायची कशी ते दाखवतात, तसं. नवीन काही शिकलेला माणूस ते आधी दुसऱ्यावर चालवून बघतो. तुमच्या बैठकीत नेमकं हेच चाललंय.

कुरआनच्या ११४ पैकी ११३ सूरा (अध्याय) ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ने (परम दयाळू अल्लाहच्या नावाने) सुरू होतात, तौबा तेवढी अपवाद. रहमान आणि रहीम हे दोन्ही शब्द ज्या धातूपासून आले, त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयालाही शब्द आहे. आपल्याच किनाऱ्यावरचे, माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे शाफई आलिम. त्यांनी कुरआनवर अरबीत भाष्य लिहिलं आणि प्रत्येक सूरेच्या विषयाप्रमाणे तिच्या बिस्मिल्लाहचा वेगळा अर्थ उलगडला. पुढच्या बैठकीला कुणी ‘बिस्मिल्लाह’ घाईत उरकायला लागला तर हे जरूर सांगा.

पण रहम म्हणजे गोड बोलणं नव्हे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहांतला प्रसंग घ्या. एक खेडवळ अरब मदिनेच्या मशिदीतच लघवीला बसला. लोक त्याच्यावर धावले. पैगंबरांनी (स.) धावणाऱ्यांना थांबवलं, त्याचं उरकू दिलं, मग त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला लावलं. लोकांना म्हणाले, तुम्हाला सोपं करायला पाठवलंय, अवघड करायला नव्हे. आणि त्या माणसाला मशीद कशासाठी असते ते समजावून सांगितलं. चूक होती ती चूकच राहिली, जागा धुतलीही. पण आधी आवरलं ते चुकणाऱ्याला नाही, त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांना. बैठक चालवणाऱ्याचं पहिलं काम हेच. कुणी चुकीचं बोललं की बाकीच्या चौघांना हाताने थांबवा, त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, दुरुस्ती नंतर करा. आले इम्रान सूरेच्या १५९व्या आयतीत (वचनात) खुद्द पैगंबरांना सांगितलंय की तुम्ही कठोर मनाचे असतात तर लोक तुमच्याभोवतून पांगले असते. तुमचा एक जण पांगलाच आहे.

यानंतर इल्म, म्हणजे ज्ञान. इल्मची पहिली पायरी ‘माहीत नाही’ म्हणता येणं ही आहे. बनी इस्राईल सूरेतली ३६वी आयत म्हणते, ज्याचं ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका; कान, डोळे आणि मन या सगळ्यांचा हिशेब होईल. इमाम शाफईंचे उस्ताद इमाम मालिक यांना एकदा ४८ मसले (धर्मविषयक प्रश्न) विचारले गेले आणि त्यांतल्या ३२ना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलंय. तुमच्या बैठकीत एक वही ठेवा आणि वर ‘माहीत नाही’ असंच लिहा. ज्याचं उत्तर आधारासह देता आलं नाही तो प्रश्न वहीत, तारखेसह. दोघांनी तो आलिमांकडे न्यायचा आणि पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं त्याची. वहीत काही जात नसेल तर समजा, कुणीतरी ठोकून देतंय.

हदीस सांगताना संग्रहाचं नाव हवं. ‘कुठंतरी वाचलंय’ आणि ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं’ हे थेट वहीत. सहीह मुस्लिमच्या प्रास्ताविकातच हदीस आहे की ऐकलेलं सगळं सांगत सुटणं एवढं माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे.

अस्रचं भांडण आता सोपं होईल. कोकणातले आपण बहुतेक शाफई, आणि बरेच पेश-इमाम उत्तर प्रदेश-बिहारकडचे हनफी, म्हणजे दुसऱ्या पंथाचे. शाफईंच्या मते मध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की अस्र लागते. हनफींच्या प्रचलित मतानुसार दुप्पट झाली की. त्यामुळे आपल्याकडे ऋतूप्रमाणे पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. यावर तोंडाने वाद घालण्यापेक्षा एका उन्हाच्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात हातभर काठी रोवा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा खूण करा, तिथून पुढे एक काठी आणि दोन काठी मोजा, दोन्ही वेळा लिहून घ्या. फरक डोळ्यांनी दिसला की ‘कुणीतरी वेळ बदलली’ हा संशय जातो. शिवाय हेही सांगा की इमाम अबू हनीफांचे दोन्ही मोठे शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, एक सावलीच्याच मताचे होते, आणि इमाम शाफई (७६७–८२०) स्वतः त्या मुहम्मद शैबानींकडे शिकलेले. ज्यांच्या नावाने आपण भांडतो ते एकमेकांच्या पुढ्यात बसून शिकत होते.

तिसऱ्यांचं वाचून जरा हसू आलं, पण किनाऱ्यावर हा मसला खरंच घराघरात येतो, लग्नं मसलकाबाहेर (आपल्या पंथाबाहेर) व्हायला लागल्यापासून तर जास्तच. हनफींच्या मते पाण्यातले फक्त मासे हलाल. शिंपले, माकुल, चिंबोरी नाहीत. कोलंबीला मासा म्हणायचं की नाही यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत. शाफई फिकहमध्ये (धार्मिक कायदेशास्त्रात) समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. आधार मायदा सूरेची ९६वी आयत, आणि समुद्राचं पाणी पाक व त्यातलं मेलेलं हलाल ही हदीस. पण गंमत पुढे आहे. चिंबोरीवर शाफईंमध्येच मतभेद आहेत, कारण जमीन आणि पाणी दोन्हीकडे राहणारा जीव त्यांच्याकडेही वर्ज्य मानला जातो, आणि खेकडा त्यात धरायचा की नाही हा प्रश्न जुना आहे. म्हणजे ‘आमच्याकडे सगळं चालतं’ म्हणणाऱ्यानेही जरा थांबायला हवं.

अशा ठिकाणी वाक्य बदला. ‘तिसऱ्या हराम आहेत’ या वाक्यात समोरच्याची आई, तिचा तवा आणि तिच्या सात पिढ्या येतात. ‘आमच्या मसलकात आम्ही खात नाही’ यात फक्त बोलणारा येतो. यजमानाकडूनही तेवढंच अपेक्षित आहे: हनफी जावई येणार असेल तर बांगडा किंवा सुरमई वेगळ्या भांड्यात करा, आग्रह नको, थट्टा तर नकोच. यूनुस सदफी सांगतात की त्यांचा आणि त्यांचे उस्ताद इमाम शाफई यांचा एका मसल्यावर वाद झाला. पुढे भेट झाली तेव्हा इमामांनी त्यांचा हात धरला आणि विचारलं, एका मसल्यावर एकमत झालं नाही तरी आपण भाऊ राहू शकत नाही का? हे म्हणणाऱ्या इमामांनी इजिप्तला गेल्यावर आपली बगदादमधली कितीतरी मतं बदलली. त्यांचा जुना कौल (मत) आणि नवा कौल असे दोन्ही आजही फिकहच्या ग्रंथांत शेजारी शेजारी असतात.

तिसरं भांडण सर्वांत अवघड, आणि इथे तुमच्या गटाने नेहमीची चूक केली असावी: मित्र दुखावला आणि तुम्ही त्याला व्युत्पत्ती सांगायला बसलात. व्युत्पत्ती खरी आहे. धातूचा अर्थ झाकणं. हदीद सूरेच्या २०व्या आयतीत ‘कुफ्फार’ हा शब्द शेतकऱ्यांसाठी आलाय, बी मातीत झाकतात म्हणून. इतर ठिकाणी कृतघ्नता हाही अर्थ येतो. पण त्याने तो शब्द शिवी म्हणून ऐकलाय, आणि बोलणाऱ्याने तो बहुधा तसाच वापरला होता. आधी माफी, आणि ज्यांच्यादेखत बोललं गेलं त्यांच्यादेखत. हुजुरात सूरेच्या ११व्या आयतीत कुणाची टर उडवणं आणि वाईट नावांनी हाक मारणं दोन्ही मना आहे. अनआमच्या १०८व्या आयतीत इतरांच्या आराध्यांना शिव्या देऊ नका असं सांगताना कारणही तिथेच दिलंय: तेही मग अजाणतेपणी अल्लाहला शिव्या देतील. तुमच्या जिभेमुळे पुढे काय घडेल त्याची जबाबदारी तुमच्यावरही येते, असा त्याचा रोख.

माफी झाल्यावर अर्थ समजून घेता येतो, आणि तेव्हा काही लपवू नका. तौबा सूरेची ५वी आयत, युद्धाची, मित्राने कुठेतरी वाचलेली असतेच. ती वाचायचीच झाली तर ४ ते ६ अशा सलग वाचा. ४थी म्हणते, ज्यांनी करार मोडला नाही त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळा. ६वी म्हणते, मुश्रिकांपैकी (अनेक देव मानणाऱ्यांपैकी) कुणी आश्रय मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं वचन ऐकू द्या आणि मग त्याच्या सुरक्षित जागी पोचवा. त्याबरोबर मुम्तहिनाची ८वी आयत ठेवा: जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी युद्धाच्या आयतीने सौम्य आयती रद्द झाल्या असं मानलं, इतरांनी ते नाकारलं. हेही सांगा. तुम्ही दडवलंत तर मित्राला ते मोबाइलवर पाच मिनिटांत सापडेल आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडेल.

आणखी एक. हिंदू मित्राला ‘तुमच्यात असं का?’ विचारून धर्माचा वकील करू नका, आणि त्यालाही तुम्हाला तसं करू देऊ नका. प्रत्येकाने स्वतःपुरतं बोलावं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा अरबी शिकून कुरआन वाचत, आणि त्यातली निवडक वचनंही त्यांनी एकत्र केली. वाचायला बसलेल्याला बाजू घ्यावीच लागते असं नाही.

आता बैठकीची रचना. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) सुरू करा, इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) अजानला थांबा. मधला वेळ साधारण सव्वा तासाचा असतो आणि शेवट कुणी करायचा यावर वाद राहत नाही. बारापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन गट करा. मोठ्या गटात दोघं-तिघंच बोलतात. गावात खलाशी बरेच असतील तर नवीन सुरुवात १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत करा, होड्या किनाऱ्याला असतात. पहिल्या महिन्याला हुजुरात सूरा घ्या. १८च आयती आहेत आणि विषय नेमका तुमचाच. चार बैठकांत १ ते ५, ६ ते १०, मग ११-१२ आणि शेवटी १३ ते १८ अशी वाटणी जमते. ११-१२ला पूर्ण बैठक द्या. थट्टा, टोपणनावं, संशय, पाळत आणि पाठीमागची निंदा एवढं सगळं दोन आयतींत आहे, आणि तिथे प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडतं.

एकाने अरबी तिलावत (पठण) करावी, मग दोन अनुवाद वाचा, एक मराठी आणि एक उर्दू. दोन्हींत शब्द वेगळा पडला तिथे पेन्सिलची खूण. मग दोन-तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. ही शांतता सुरुवातीला अवघड जाते, लोक खोकतात, पण लगेच बोलणारा आणि विचार करून बोलणारा यांच्यातलं अंतर तिनेच कमी होतं. मोबाइल तोवर टोपलीत. प्रश्न तोंडी न घेता चिठ्ठीवर घ्या, नाव न लिहिता.

चिठ्ठ्या वाचताना तीन ढीग करा. अर्थाचे प्रश्न बैठकीत. हुकमाचे, म्हणजे तलाक, वारसा, हलाल-हराम, हे वहीत आणि तिथून आलिमांकडे. यांत तपशील एका शब्दाने बदलतो आणि उत्तर चुकलं तर कुणाचं तरी घर मोडतं. तिसरा ढीग ओळखायला अवघड: वरून मसला दिसतो, आत माणूस अडकलेला असतो. ‘तलाकनंतर इद्दत (थांबायचा काळ) किती?’ असं एखादी विचारते तेव्हा तिच्या बहिणीचं काहीतरी चाललेलं असू शकतं. ‘आत्महत्या करणाऱ्याची जनाजा नमाज होते का?’ हा प्रश्न तर कधीच चर्चेला घेऊ नका. ‘या चिठ्ठीवर मी नंतर बोलेन, मी बाहेर ओट्यावर थांबणार आहे’ एवढं म्हणा आणि खरंच थांबा. अबस सूरा आठवा: मक्केतल्या कुरैश टोळीच्या सरदारांशी बोलणं चाललेलं असताना मध्येच आलेल्या अंध माणसाकडे पैगंबरांनी (स.) तोंड फिरवलं, त्याबद्दल कुरआनने त्यांनाच टोकलं. ज्याचा प्रश्न अडचणीचा, त्याच्याकडे आधी बघायचं.

वाद झालाच तर इमाम गजालींच्या (१०५८–११११) अटी कामाला येतात. तेही शाफईच. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण इल्मवर आहे आणि त्यात वादाची चांगली हजेरी घेतलीय. मसला खरोखर उद्भवलेला असावा, कल्पनेतला नसावा. लोकांसमोर वाद घालण्यापेक्षा एकांतात घालणं जास्त आवडावं. हरवलेली वस्तू शोधणाऱ्यासारखं असावं, ती आपल्याला सापडली की जोडीदाराला याने फरक पडू नये. आणि समोरच्याला आपला एक दाखला सोडून दुसरा घेऊ द्यावा, ‘मघाशी तर असं म्हणालास’ म्हणून पकडू नये. यात माझी एक जोड: खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला ‘हो, हेच’ म्हणता येईल असं आपल्या शब्दांत सांगायचं. निम्मे वाद तिथेच विरतात, कारण कळतं की समोरचा भलतंच काही म्हणत होता.

आणि टिंगल सुरू झाली तर? निसा सूरेच्या १४०व्या आयतीत सांगितलंय की आयतींची थट्टा चालली असेल तर तिथे बसू नका, ‘ते दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत’. हा शेवटचा तुकडा लोक विसरतात. उठायचं ते त्या विषयापुरतं. चहा ठेवा, दहा मिनिटं अंगणात जा, परत या. नंतर त्या माणसाला गटातून काढायची घाई नको. सलग तीन बैठका तोच प्रकार झाला तर मात्र एकट्याला गाठून सांगा की वाचायला यायचं असेल तर या, नाहीतर राहू द्या.

राहिला तुमचा मित्र. त्याला ग्रुपवर मेसेज टाकू नका, आणि पूर्ण गट घेऊन त्याच्या दारात उभ्या राहू नका. माफी मागायला दहा जण आले की नाही म्हणायची सोय राहत नाही. ज्याने तो शब्द उच्चारला त्याला आणि तुम्हाला, दोघांनाच जावं लागेल. बसा, त्याचं काय म्हणणं आहे ते पुरतं ऐका, मध्ये खुलासा करू नका. चौघांसमोरची माफी तो परत आला तरी बैठकीत मागायची, आणि आला नाही तरीही, हे त्याला तिथेच सांगा. यायचा आग्रह नको. मंगळवारी, बुधवारी जो तुमचा दिवस असेल तो सांगा, हुजुरात १ ते ५ वाचणार आहोत म्हणा, आणि मराठी अनुवादाची एक प्रत त्याच्याकडे ठेवून या.